नूतनच्या ईकोपुढे जनूची सायकल

निडी गावचा जनू सायकलवरून रोह्याच्या भातगिरणीत कामाला जातो. भात झोडून वाल पेरले की उन्हाळ्यापर्यंत त्याचा हाच धंदा. रस्त्यावरच्या गाड्यांशी त्याचं वैर कधीच नव्हतं. डंपर आला की तो उतरून उभा राही, एसटी आली की कडेला सरके, आणि एखादी मुंबईची गाडी मागून बोंबलत आली की “जा बाबा, तुझंच लगीन खोळंबलंय,” असं पुटपुटून वाट देई. भांडण त्याला जमतच नसे. दोघांच्या वाटचं बायको एकटीच भांडायची.

या बायकोला, म्हणजे नूतनला, तिच्या भावाने आपली जुनी ईको देऊन टाकली. नूतन पेणला जाऊन गाडी शिकली, पहिल्या फटक्यात लायसन काढलं, पेढे वाटले आणि आसपासच्या गावांतल्या बायकांना कंपनीत शिफ्टला पोचवायचं काम धरलं. हात तिचा साफ होता, पण स्टिअरिंगवर बसली की रस्त्यावरचा प्रत्येक माणूस मुद्दाम आपल्याला आडवा यायलाच घराबाहेर पडलाय, असं तिला वाटे. एक हात हॉर्नवर, तोंड खिडकीबाहेर.

ती पहाटेच निघे, आधी नागोठण्याकडच्या बायका गोळा करी आणि मग रोह्याकडे वळे. जनू घराबाहेर पडेपर्यंत ती पार पुढे गेलेली असे. पण थंडीतल्या एका सकाळी त्या बायकांतल्या हौसाला जागच आली नाही. तिच्या दारात गाडी खोळंबली आणि नूतनचं डोकं तापलं. इकडे धुकं दाट पडलेलं, म्हणून जनूने माकडटोपी चढवली, शेजाऱ्याचं जाडं जॅकेट मागून घेतलं आणि सायकल काढली.

गाव मागे पडलं न पडलं तोच मागून भोंगा सुरू झाला. समोरून टेम्पो. जनूला उतरायलाही सवड मिळाली नाही. ईकोचा आरसा सायकलच्या मुठीला चाटून गेला आणि जनू, सायकल आणि जेवणाचा डबा असे तिघे तीन दिशांनी खालच्या वालाच्या शेतात पडले.

गाडी पुढे जाऊन करकचून थांबली. खिडकीतून आवाज आला, “ए म्हाताऱ्या! घरी सांगून आलायस काय?”

जनूने तोंडातला वालाचा पाला थुंकला आणि माकडटोपी वर सरकवली. “व्हय गो. तुलाच सांगून आलो.”

गाडीतून हौसा किंचाळली, “अगो बया! हे तर भावोजी!” आणि मागच्या सगळ्या बायका खो खो हसत सुटल्या.

नूतन धावत आली. जनूचे हात, पाय, डोकं तिने चाचपून पाहिलं. सगळं जागेवर आहे म्हटल्यावर तिच्या तोंडाला पुन्हा धार आली. “दुसऱ्याचं जाकीट घालून कशाला फिरता वो? माणूस वळखायचा कसा?”

“म्हंजे परका असता तर चाललं असतं?”

नूतनने डबा उचलून दिला आणि ती शिफ्ट गाठायला गेली.

संध्याकाळी जनूने आईकडे, बायजाबाईकडे, दाद मागितली. पण म्हातारी दर सोमवारी ईकोत पुढच्या सीटवर बसून शंकराच्या देवळात जायची. ती म्हणाली, “गाडी मोठी का सायकल मोठी? ल्हानानं बाजूला व्हावं.”

“बाजूलाच होतो, आये! आनखी बाजूला म्हंजे वालात!”

नूतन त्याच्या गुडघ्याला तेल चोळत होती. खाली मान घालून म्हणाली, “हॉर्न दिला होता मी.”

“हॉर्न म्हंजे काय अंगारा हाय? दिला का माणूस वाचला?”

ती गप्प झाली. नूतन गप्प झाली की जनूला धडकी भरे.

ती धडकी खरी ठरली. दुसऱ्या दिवशी त्याला मागे ईको दिसली; नूतन मुद्दाम त्याच्यासाठी रेंगाळली होती. भोंगा नाही, घाई नाही. दोन्ही दिवे लुकलुकवत ती त्याच्या चालीने मागून येत होती. “चला तुमी सावकाश! मी हाय मागं!” ईकोच्या मागे एसटी, एसटीच्या मागे डंपर, सगळे बोंबलतायत. आतून बायका ओरडतायत, “मारा, भावोजी, मारा पायडल!” जनूला वाटलं, यापेक्षा वाल बरे.

डंपरवाला खाली उतरला. “ओ बाई, त्या सायकलला बाजूला घाला ना!”

नूतन पदर खोचून उतरली. “का घालू? रस्ता काय तुझ्या डंपराला आंदण दिलाय? ते बी कामालाच चाललेत!” मग डंपरवाल्याला वाली उरला नाही. हौसासकट सगळ्या बायका उतरल्या होत्या. तेवढ्यात जनूने सायकल खांद्यावर मारली आणि बांधाबांधाने गिरणीचा रस्ता धरला.

शिफ्ट चुकली. बायकांनी कुरकूर केली, तेव्हा नूतनने त्याच्या मागे चालणं सोडलं. पण सायकल दिसली की ती अजूनही वेग कमी करते, लांबून वळसा घालते, आणि जो तसं करत नाही त्याला पुढे गाठून रस्त्यातच झाडते. शाळेच्या सायकलवाल्या पोरी तिची ईको यायची वाट पाहतात आणि तिच्या आगेमागे निघतात. गिरणीत रोज कोणी ना कोणी येऊन सांगतं, “जनू, तुझ्या बायकोनं आज एसटीवाल्याला घाम फोडला.”

जनू भाताच्या पोत्याआड तोंड लपवतो, पण हसतोही. फक्त हल्ली तो नूतनच्याही आधी घरून निघतो. तिची गाडी नागोठण्याकडून रोह्याच्या रस्त्याला लागायच्या आत गिरणीत पोचलेलं बरं.