आजाऱ्याच्या सवडीने चालणारा दवाखाना

माझ्या यजमानांची बँकेतली बदली लखनौला झाली आणि आम्ही इंदिरा नगरात राहायला आलो. तिथल्या मराठी मंडळींच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात डॉ. शुभदा खानवेलकर यांची पहिली भेट झाली. मी डॉक्टर असून मूल लहान म्हणून घरी आहे, हे कळताच त्यांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवत विचारले, "मंगळवारी चिनहटला येता का? नुसतं बघायला." मी नुसते बघायला गेले आणि तिथलीच झाले. आज मॅडमच्या अमृतमहोत्सवी वर्षात चार शब्द लिहिण्याचा मान मिळाला, तो त्या मंगळवारामुळे.

चिनहटच्या कारखान्यांमागच्या वस्तीत एका धर्मादाय संस्थेच्या दोन खोल्यांत मॅडमचे आरोग्य केंद्र चाले. तापाचा रोगी औषध घेतो, बरा होतो, विसरतो. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या रोग्याला मात्र जन्मभर यावे लागते, आणि रोजंदारी बुडवून कोण येणार? मॅडमनी केंद्राच्या वेळा कारखान्यांच्या सुट्टीशी जुळवल्या. आठवड्याऐवजी महिन्याच्या गोळ्या द्यायला लावल्या. ज्यांची तब्येत स्थिर आहे त्यांना केंद्राच्या नर्स सुनीता सिस्टरनी वस्तीतच तपासावे, काही बिघडले तरच डॉक्टरांकडे पाठवावे, अशी घडी बसवली. कोणी यायचा थांबला तर त्याला बोल लावायचा नाही. घरी जाऊन कारण विचारायचे, ही त्यांची सक्त ताकीद.

ही घडी एकदा मोडता मोडता राहिली. लेथवर काम करणारे, सुनीताच्या तपासणीतले हसनभाई रमजानात भर दुपारी यंत्राजवळ कोसळले. पहाटे नेहमीची शुगरची गोळी घेऊन त्यांनी रोजा धरला होता. साखर एकदम उतरली. वेळेवर ग्लुकोज मिळाले म्हणून ते वाचले. संस्थेच्या बैठकीत सूर निघाला, की रोगी नर्सवर सोपवल्याचे हे फळ. वस्तीतली तपासणी बंद करा. सुनीता मान खाली घालून बसली होती.

"मैडम, गलती किसी की तो है," अध्यक्ष म्हणाले.

"जी, मेरी है," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "रोज़े में गोली कैसे लेनी है, ये मैंने सिस्टर को सिखाया ही नहीं."

अखेर वस्तीतल्या तपासणीला पुढच्या रमजानपर्यंतची मुदत मिळाली.

दुसऱ्या दिवशी मॅडम, सुनीता आणि मी अशा तिघी हसनभाईंच्या घरी गेलो. त्यांच्या बेगम दारातच कडाडल्या, "आप ही की दवा ने तो गिराया!" मॅडमनी हात जोडून माफी मागितली. मग जमिनीवर बसून पहाटे काय खाता, कारखान्यातली पाळी केव्हा सुटते, सारे विचारले. हसनभाई म्हणाले, "पहले पूछ लेतीं तो बता देते."

पुढच्या वर्षी रमजानच्या आधीच वस्तीच्या अंगणात बैठक भरली. कोणत्या रोग्याने रोजा धरू नये, कोणाची गोळी किती आणि केव्हा, हे मॅडमनी एकेकाला समजावले. कारखान्यातल्या सोबत्यांना ओढून आणले ते हसनभाईंनीच. त्या महिन्यात आमच्या रोग्यांपैकी कोणी कोसळले नाही आणि वस्तीतली तपासणी टिकली. नवरात्राच्या उपासांआधीही आता अशीच बैठक होते.

मॅडमची माया आमच्या घरानेही अनुभवली आहे. सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्या, तेव्हा मॅडम गोमती नगरहून ई-रिक्षाने संध्याकाळी येत. तपासायला नव्हे, मला तासभर पडता यावे म्हणून. सोलकढीत लसूण घालावा की नाही, यावर दोघींचा वाद रंगे. बोलणे जड झालेल्या सासूबाई त्या वादापायी एकेक शब्द पुन्हा उच्चारू लागल्या.

अलीकडे मॅडमनाही रक्तदाबाने गाठले आहे. त्या केंद्राच्या बाकावर रांगेत बसतात. परवा सुनीताने पट्टा गुंडाळत सर्वांदेखत दटावले, "दीदी, अचार फिर खाया ना?"

"थोड़ा सा," मॅडम ओशाळून म्हणाल्या, आणि अख्खा बाक हसला.

मॅडमना शतायुष्य लाभो असे म्हणणे सोपे. त्यांचे लोणचे सोडवणे अवघड, आणि ते सुनीताने पत्करले आहे. आम्हा सर्वांचे मागणे इतकेच, की महिन्यामागून महिने, वर्षांमागून वर्षे मॅडमनी अशाच हसतमुखाने तपासायला यावे, आणि सुनीताने पट्टा सोडत म्हणावे, "सब ठीक है, दीदी. अगले महीने आइए."