चेअरमन बेटावर राहिला तो रविवार

सोसायटीच्या चेअरमनला मी मुद्दाम बेटावर सोडून आले. चुकून नाही, गडबडीत नाही, अगदी ठरवून. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको, बाई साळसूदपणाचा आव आणतेय.

सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या बिल्डिंगच्या मागे एक रेन ट्री होता. पावसाळ्यात त्यावर रातबगळे घरटी करायचे. बाबांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली, तेव्हापासून त्यांची खुर्ची त्या झाडासमोरच्या खिडकीत. आज किती पिल्लांनी मान बाहेर काढली ते डाव्या हाताची बोटं वर करून मला सांगायचे. तीन. चार. एकदा सहा झाली तर दूधवाल्यालाही बोलावून दाखवलं.

बगळे चेअरमनच्या नव्या गाडीवर घाण करायचे. एका सकाळी त्यानं माणसं आणून झाड बुंध्यापर्यंत उतरवलं. पिल्लं पटापट खाली पडली. मी खिडकी लावायला धावले तर बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि सगळं बघितलं. त्यानंतर त्यांचा हात कधी वर झाला नाही. दिवाळीच्या आत गेले. आणि हा मेला सांत्वनाला येऊन, माझ्याच सोफ्यावर बसून, साखर कमी घातलेला चहा मागून पिऊन गेला! तेव्हाच मनात म्हटलं, सापडशील कधीतरी.

दोन वर्षांनी सापडला. सोसायटीची एक दिवसाची सहल निघाली, राई गावच्या धक्क्यावरून होडीनं खाडीतल्या बेटावर. काळे खडक, भोवती चिखलात वाढणाऱ्या तिवरांची गर्दी, वस्ती अजिबात नाही. कोल्हे आहेत, मुंगसं आहेत, पक्षी तर विचारू नका. होडीवाला माझ्या ओळखीचा, म्हणून सगळी व्यवस्था माझ्याकडे.

आठ वाजता बेटाला लागलो. उतरता उतरता होडीवाल्यानं बजावलं, "ताई, आज एकादस हाय. अकरा वाजता पानी उतरल, मंग होडी चिखलात बसल. त्याच्या आत समदी या."

चेअरमन तोवर गळ्यात कॅमेरा अडकवून पुढे निघाला होता. मागच्या रविवारी तो मित्रांबरोबर येऊन गेला होता, त्यामुळे एकदम जाणकार. मला म्हणाला, "तीनला निघायचं ना? मागच्या वेळी तीनलाच निघालो होतो. मी पलीकडच्या टोकाला जातोय."

मागच्या रविवारी चतुर्थी होती. तेव्हा भरती दुपारी होती; भरतीची वेळ तिथीप्रमाणे रोज पुढे सरकते. पण आम्हा फ्लॅटवाल्यांना वाटतं, टाकीत रोज सहाला पाणी येतं तसं खाडीतही रोज ठरल्या वेळीच येत असणार. मला खरं काय ते माहीत होतं. एका शब्दाचं काम होतं.

"हो, जा ना," मी म्हटलं. "सावकाश बघा."

पावणेअकराला सगळे होडीत. शेजारच्या भाभी विचारायला लागल्या, "चेअरमन साब कहाँ रह गए?" मी सांगितलं, "उनको पंछी देखने हैं, शाम को आएँगे." होडीवाल्यालाही तेच सांगितलं. तो माझ्याकडे जरा बघत राहिला, पण त्याला पाण्याची घाई होती. होडी सुटली. बरं वाटत होतं!

घरी येऊन वरणभात जेवले, वर दोन तास झोपले. इतकी शांत झोप बाबा गेल्यापासून लागली नव्हती. त्याच्या बाटलीत पाणी किती असेल हा विचार एकदा आला. त्याच्या बायकोचे मला सारखे फोन येत होते. मी म्हटलं, तिकडे नेटवर्क नसतं, येतील संध्याकाळी.

सहा वाजता राईच्या धक्क्यावर जाऊन उभी राहिले. मला त्याचं तोंड बघायचं होतं. होडीवाल्यानं त्याला हात धरून उतरवलं. चेहरा भाजलेला, ओठ फुटलेले, गुडघ्यापर्यंत चिखल, एका पायात चप्पल नाही. सात तास! मला पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"सॉरी हां मॅडम," घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मीच वेळ नीट विचारली नाही. तुम्ही बिचाऱ्या माझ्यासाठी परत आलात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. याला कळलंच नव्हतं! कळणार नसेल तर एवढं सगळं केलं कशाला?

"मुद्दाम सोडलं मी तुम्हाला," मी ओरडले. "अकराची वेळ मला माहीत होती. त्या झाडासाठी सोडलं. माझ्या बाबांच्या झाडासाठी!"

तो चिडेल, शिव्या देईल, पोलिसांत जाईन म्हणेल, मी सगळ्याला तयार होते. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या, खरोखर आठवून पाहिलं आणि विचारलं, "कुठलं झाड? तुमचे बाबा गेले त्या वर्षी आपण पाच-सहा काढली होती ना?"