झाकलेलं पाणी

आईला नांदेडला माझ्याकडे आणायचं म्हणून मी किती दिवस डोकं फोडून राहिलो होतो, काय सांगू! वडील गेल्यापासून ती लातूरला एकटी. दर वेळी तिचं एकच, "कोंबडी अंड्यावर बसलीय, मी कशी येऊ?" आणि ती काळी कोंबडी बाराही महिने अंड्यावरच. मला तर वाटायचं, दोघींचं आतून ठरलेलं आहे.

मग एके दिवशी मुंगसानं कोंबडीच ओढून नेली. मागं अंडी तेवढी राहिली. आई फोनवर रडली. वडिलांच्या वेळी माझ्यासमोर डोळ्याला पदर न लावलेली बाई! मला राहवलं नाही. लातूरला जाऊन थर्माकोलच्या खोक्यात बल्ब आणि छोटा पंखा बसवला, वर काच लावली. मधे जाळीवर अंडी, जाळीखाली पाण्याची वाटी अन् त्यात स्पंजचा तुकडा. वाटी काढायला-घालायला खाली एक झडप. ऊब बल्ब सांभाळतो. आतल्या हवेचा ओलावा मात्र माणसानंच बघायचा, त्याचा आकडा दाखवणारं मीटर बाहेर चिकटवलं.

आई सगळं बघून म्हणाली, "पिल्लं निघाली तर मी हितंच ऱ्हाणार. न्हाई निघाली तर येते तुझ्यासंगं."

घ्या! आता मी देवापाशी मागायचं तरी काय?

नांदेडला परत आलो, पण जीव खोक्यात. ऑफिसातून फोन, ऑटोतून फोन. "आकडा किती?" बायको म्हणाली, तुम्हीच जाऊन बसा अंड्यावर. शेवटचे दिवस आले, तसं आईला सांगितलं की आता ओलावा जास्त लागतो. वाटी काढ, पसरट भगुणं ठेव, काठोकाठ भरून.

"ठिवलं," ती म्हणाली.

आकडा वाढायला पाहिजे होता. तो घसरायला लागला. तेवढ्यात एका अंड्याला टवका गेला, म्हणजे पिल्लानं आतून चोच मारली. अशा वेळी हवा कोरडी पडली की कवचाखालचा पापुद्रा चामड्यासारखा आवळतो आणि पिल्लू आतच अडकून मरतं.

"आई, पाणी आहे ना?"

"हाय की काठोकाठ! सारखा फोन काय करून राहिलास? वरडू नको माझ्यावर."

मीटर बिघडलं असेल, असं म्हणून मी दुकानातून नवीन मीटर घेतलं आणि मिळेल ती एसटी धरली. अहमदपूरला ड्रायव्हर चहाला उतरला, तो येईना. मी बसच्या भोवती चकरा मारल्या. एक बाई म्हणाली, "घरी कोणी सिरीयस हाय का हो?" मी "हाव" म्हणून मान हलवली.

घरात शिरलो तो चपलेसकट. गुडघ्यावर बसून झडप उघडली. भगुणं होतं, काठोकाठ भरलेलं, आणि त्यावर स्टीलची ताटली. व्यवस्थित, नीट झाकलेली!

"हे काय गं?"

"झाकलंय. उघडं पाणी कोन ठिवतं?"

आता हिला काय बोलायचं? नळ कधी येईल याचा भरवसा नसलेल्या गावात तिचा जन्म गेला. माठ, बादली, पिंप, साधा तांब्या, तिच्या घरात कधी उघडा राहिला नाही. पाणी पिऊन झाकण न ठेवल्याबद्दल मी पाठीत धपाटे खाल्लेत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, आणि मी मीटरला शिव्या घालत आलो होतो.

ताटलीवर हात ठेवला आणि तो तिथंच थांबला. नुसती झडप लावून उठलो असतो तर? तिला काही कळलं नसतं. एक-दोन दिवसांत ती माझ्याबरोबर एसटीत बसली असती. खरंच, एवढं सोपं होतं.

तेवढ्यात वरच्या अंड्यातून चिवचिव आली. बारीक, चिडल्यासारखी.

"मर तिच्यायला!" म्हणत ताटली ओढून काढली. कोमट पाणी भरलं, फडकं भिजवून भगुण्यात सोडलं. मग आकडा चढताना बघत बसलो. आई मागं चहा घेऊन उभी, चहा गार झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं पिल्लू निघालं. काळंच. दुपारपर्यंत आणखी तीन. आईनं लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या. माझ्या डोळ्याला पाणी आलं, तिला वाटलं आनंदानं.

"तू आलास म्हणून जगली रे," ती म्हणाली. "जा आता बिनघोर. मी हाय हितं."

ती रस्त्यापर्यंत सोडायला आली. एवढ्या आनंदानं तिनं मला कधीच वाटेला लावलं नव्हतं.