बोलण्याआधीचा आवाज

सुदामच्या मुलीचा, प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी पुण्यातल्या स्टुडिओत एका जुन्या टेपमधली खरखर काढत बसलो होतो. "काका, पप्पा गेले," एवढंच ती म्हणाली. सकाळी त्यानं दुकानाचं शटर उघडलं, आत जाऊन खुर्चीत बसला आणि तसाच राहिला. मी हेडफोन गळ्यात घेतला, पण त्यातून टेपचा बारीक सूं सूं आवाज येतच राहिला. तो बंद करायचंही मला सुचलं नाही... सहा आठवडे झाले त्याला.

केजजवळच्या युसूफ वडगाव या आमच्या गावात आम्ही एका बाकावर शिकलो. मी आवाजाचं तंत्र शिकायला पुण्यात आलो. त्यानं गावातच, घराच्या पुढच्या खोलीत दुकान टाकलं. रेडिओ दुरुस्ती, जयंतीला आणि लग्नाला भोंगे, कॅसेट भरून देणं. मी पहिली सीडी घेऊन गेलो तेव्हा त्यानं ती शेवटपर्यंत मान खाली घालून ऐकली. मग म्हणाला, "लई साफ हाय. पण दोन गाण्यांच्या मधी कुणीच न्हाई." मी हसलो होतो. टेप दर वेळी थोडी झिजते, सीडीवरचा आकड्यांतला आवाज झिजत नाही, हे मी त्याला पुढची वीस वर्षं समजावत राहिलो. त्याचं म्हणणं एकच, की जे वापरानं झिजत नाही ते वापरलं गेलं असं तरी कसं म्हणायचं.

त्याची बायको रत्ना गावातल्या महिला दूध संस्थेची सचिव. पाऊस सलग हुकला, जनावरं छावणीत गेली, दूध आटलं, आणि संस्थेकडे काम उरलं ते टँकर आला की गावाला कळवायचं. दर वेळी ओरडून वहिनींचा घसा बसायचा, म्हणून सुदामनं दुकानातच त्यांच्या आवाजात एक कॅसेट भरून दिली. "बायांनो, टँकर आलाय. घागरी घेऊन या. घाई करू नका, समद्यांना पाणी मिळंल." तीच कॅसेट संस्थेच्या भोंग्यावरून वाजायची. मे महिन्यात वहिनींना ऊन लागलं. दोन दिवस ताप उतरला नाही, तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. प्रज्ञा तेव्हा वर्षाचीही नव्हती.

चौथ्या दिवशी टँकर आला. संस्थेतल्या बाईनं सवयीनं बटण दाबलं आणि गावभर रत्नावहिनी बोलल्या. मी तेव्हा सुदामच्या घरी होतो. बसलेली माणसं दगडासारखी झाली. सुदाम मात्र उठला, कोपऱ्यातली घागर उचलली आणि रांगेत जाऊन उभा राहिला. संध्याकाळी संस्थेच्या अध्यक्षा येऊन म्हणाल्या, दुसऱ्या कुणाच्या आवाजात भरून घेऊ. तो म्हणाला, "टँकर हाय तवर राहू द्या."

मग बायका एक वेगळंच सांगू लागल्या. वहिनी बोलायच्या आधीच त्यांना ऐकू यायचं. अगदी बारीक, विहिरीतून आल्यासारखं "बायांनो", आणि दोन-तीन सेकंदांनी मोठ्यानं तेच. भोंगा नीट वाजायला लागेपर्यंत निम्म्या बाया दारात आलेल्या असायच्या. सुदामनं मला ऐकवलं. अंगावर काटा आला, पण कारण मला माहीत होतं. कॅसेटमध्ये फीत एकावर एक गुंडाळलेली असते. उन्हात तापली की एका वेढ्यावरचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर उमटतं, आणि पुढं येणारा आवाज आधीच पुसट वाजून जातो. मी हे सगळं कागदावर आकृती काढून समजावलं. त्यानं आकृती नीट पाहिली. "मंजी ती आदी येती," तो म्हणाला, "आन मग बोलती."

पुढं पाऊस आला, कॅसेट कपाटात गेली. बरीच वर्षं गेल्यावर पुन्हा तसाच दुष्काळ पडला, पुन्हा टँकर सुरू झाले, आणि सुदामनं कॅसेट काढली तर ती जागोजागी अडकू लागली. आवाज मधेच जड व्हायचा, आजारी माणसासारखा. मी ती हट्टानं पुण्याला आणली. कॉम्प्युटरवर उतरवली, खरखर गाळली, सुरुवातीची रिकामी जागा कापली, शेवटचं नको ते कापलं. वहिनींचा आवाज इतका स्वच्छ आला की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. संस्थेच्या नव्या यंत्रावर तो पहिल्यांदा लागला त्या दिवशी मी सुदामजवळ उभा होतो. बायका बोलावल्यासारख्या बाहेर आल्या, रांग लागली. सुदाम भोंग्याकडं बघत राहिला.

"आवाज तिचाच हाय," तो म्हणाला. "पण ती आली न्हाई."

त्यानं घरी येऊन मूळ कॅसेट लावली. ती यंत्रात गुंतली आणि तुटली. तो मला एक शब्दही वाकडा बोलला नाही. पुढं मात्र आमच्या बोलण्यात टेप आणि सीडीचा विषय कधी निघाला नाही. तो टाळायचा, आणि मीही.

सुदामच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाहून परतलो आणि कपाटातल्या जुन्या हार्ड डिस्का धुंडाळायला बसलो. त्या कॅसेटची न कापलेली, न गाळलेली पहिली प्रत मी कधीच पुसली असेल अशी माझी खात्री होती. ती तिथं होती. सुरुवातीची खरखर होती आणि तिच्यात तो विहिरीतला "बायांनो"ही होता. म्हणजे आकड्यांनी काही गमावलं नव्हतं. कापलं होतं ते मी. हे त्याला सांगायला सहा-सात वर्षं हातात होती, आणि मी एकदाही डिस्क लावून पाहिली नव्हती.

गेल्या रविवारी प्रज्ञा माझ्या स्टुडिओत आली. केजला शिक्षिका आहे ती. दुपारची वेळ होती. मी तिला हेडफोन दिले आणि दुसरे स्वतः लावले. आईचा आवाज तिनं डोळे मिटून ऐकला. सूचना संपली. मी थांबवलं नाही, कारण त्यापुढचं मीच कापलं होतं आणि काय कापलं ते मला आठवत नव्हतं. थोडा वेळ नुसती खरखर. मग खूप लांबून एक पुरुषाचा आवाज, "प्रज्ञी उठली वाटतं," आणि तितक्याच लांबून बाईचा, "आले."

प्रज्ञानं झटकन मान वळवून मागच्या दाराकडं पाहिलं. तेवढ्यात तेच शब्द कानाशी आले. आधी सुदाम, मग वहिनी, दोघंही याच खोलीत असल्यासारखे स्पष्ट.

तिनं हेडफोन काढले नाहीत. म्हणाली, "काका, परत लावा. पण आधीचं, लांबचं, तेवढंच."