रणातल्या दगडावरचं गेरूचं बोट

माझ्या नवऱ्याने मला फसवलं.

ट्रकला इंदोरचं भाडं आहे असं सांगून ते जैसलमेरच्या पुढच्या वाळवंटात गेले. तिथे मला घेऊन जायचं त्यांनी अकरा वर्षं कबूल केलं होतं. गेले ते मला सोडून. परत आल्यावर त्याबद्दल तोंडातून अक्षर काढलं नाही, आणि दोन महिन्यांनी वारले. धंद्यात मला आजवर कुणी फसवू शकलेलं नाही – भिवंडीच्या दापोड्यात कुणालाही विचारा – आणि फसवलं ते घरच्या माणसाने. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, बिचारी दुःखात आहे, भास झाला असेल. दुःख आपल्या जागी आहे. पण मी आधी चिडलेली आहे.

इथे ग्रुपवर लोक आपापले भुताखेतांचे अनुभव लिहितात, ते मी जेवताना वाचायची आणि हसायची. माझं माहेर अंजूर. खाडीकडच्या वाटेवर अमकं दिसतं, तमकं हाक मारतं, असं लहानपणापासून ऐकलं. त्या वाटेने मी डोक्यावर पाटी घेऊन शेकडो वेळा गेले असेन, मला एकदाही कुणी भेटलं नाही. भेटलं असतं तर पाटीला हात लावायला सांगितला असता.

माझं भंगाराचं यार्ड आहे. सुरुवात वळ गावच्या गोडाऊनमधले फुटके पुठ्ठे आणि पट्ट्या उचलण्यापासून केली, भाड्याच्या हातगाडीवर. मग भिवंडीत जुने लूम मोडीत निघायला लागले तसं लोखंड घ्यायला लागले. लोखंड मला कळतं. हातोडीने एकदा ठोकलं की आवाजावरून सांगते, ओतीव बीड आहे की पोलाद. समोरचा कितीही गोड बोलो, आधी चुंबक, मग हातोडी, मग कानस. त्यानंतरच भाव.

आमच्या यार्डाची एक पद्धत होती. माल बघून झाला, सौदा ठरला, की त्यावर गेरूचं बोट उमटवायचं. बोट उमटलं की घासाघीस बंद. मग मी पण नाही बोलायचं आणि समोरच्याने पण नाही. ही पद्धत ह्यांनी सुरू केली, कारण मी सौदा ठरल्यावरही भांडत बसायची. हे गेरू रॉकेलमध्ये कालवायचे, लोखंडावर चांगला बसतो म्हणून. तरुणपणी लूमवर काम करताना ह्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धं गेलं होतं, त्यामुळे हे मधल्या बोटाने खूण करायचे आणि शेजारी थोटक्या बोटाचा एक ठिपका आपोआप पडायचा. एक तिरकी रेघ आणि डावीकडे ठिपका. तो ठिपका दापोड्यात सगळे ओळखायचे.

तसे हे आमच्याच ट्रकवर होते. भिवंडीतून कोरं कापड भरून रंगवायला राजस्थानात बालोत्र्याला न्यायचं, येताना जैसलमेरचा पिवळा दगड आणायचा. तिकडच्या एका ढाब्यावर कुणीतरी ह्यांना सांगितलं, की आकाशातून पडलेले दगड रणात सापडतात. रण म्हणजे पांढरट चिकणमातीचं सपाट मैदान. त्या मातीत स्वतःचा दगडच नसतो, त्यामुळे काळा दगड दिसला तर तो बाहेरून आलेला. झालं! तेव्हापासून प्रत्येक खेपेला हे अर्धा दिवस रणात फिरायचे आणि येताना रुमालात काहीतरी बांधून आणायचे.

मी चुंबक लावायची, हातोडी मारायची, कानस फिरवायची. "हा भट्टीतला मळ आहे." "हा ब्रेक ड्रमचा तुकडा आहे." "हा तर रस्त्यावरचा डांबराचा गोळा... भंगारातसुद्धा घेणार नाही मी."

"भंगार न्हाय गं शेठानी, तारा हाय तारा," हे म्हणायचे.

"ताऱ्याला गंज चढतो होय?"

"मंग तूच चल माझ्यासंगती. तितंच ठोकून बग. म्हंजे मला वझं नको नि तुला बोलणं नको."

आणि हे रंगवून सांगायचे. रणात उभं राहिलं की चारी बाजूंना काहीच नसतं, ना शेड, ना वायर, ना माणूस. स्वतःच्या श्वासाचा आवाज येतो. "तुजा आवाज तितं कसा लागंल, त्ये मला एकदा ऐकायचंय," म्हणायचे. मी म्हणायची, पुढच्या खेपेला. हेही म्हणायचे, पुढच्या खेपेला. अशी अकरा वर्षं गेली. यार्ड सोडून जायचं म्हणजे गेटवर कोण बसणार?

शेवटच्या त्या दोन महिन्यांत ह्यांनी तीनदा विचारलं होतं, हेही लिहिलं पाहिजे. "ह्या थंडीत चल. आता चलच." मी म्हटलं, दिवाळीनंतर माल येतो, जानेवारीत बघू. दिवाळीच्या आधी एका सकाळी यार्डातच खुर्चीवर बसल्या जागी गेले. चहाचा कप हातात होता, सांडलासुद्धा नाही.

येत्या दिवाळीला तीन वर्षं होतील. गेल्या पावसाळ्यात मी ट्रक विकायला काढला. सीटखाली माझी चुंबकाची काठी निघाली. जुन्या स्पीकरचं चुंबक काठीला बांधून मीच केली होती. ती हरवली म्हणून मी एका कामगाराला चोर ठरवून हाकलला होता. (त्याला परत बोलावून माफी मागितली.) काठीच्या चुंबकाला पांढरट माती चिकटलेली होती. आमच्याकडे अशी माती नाही.

मी अन्वरला बोलावलं. अन्वर म्हणजे ह्यांच्या ट्रकवरचा जोडीदार, वीस वर्षांचा दोस्त. त्याला समोर बसवलं.

"वहिनी, शपथ घातली होती त्याने."

"मेलेल्या माणसाची शपथ सुटते. बोल."

"इंदोर नव्हतं ते. आम्ही रणात गेलो होतो. तो म्हणाला, हिला कळू देऊ नको. पण आत तो एकटाच गेला. मी गाडीत झोपलो होतो. अल्लाकसम, पुढचं मला ठाऊक नाही."

मला काय झोंबलं असेल ते बायकांना कळेल. माझ्या जिभेला कंटाळून एकटे गेले का? ज्या जागेची स्वप्नं मला दाखवली, तिथे शेवटी मीच नको झाले का? हे विचारायचं कुणाला? जानेवारीत गेटवर भाच्याला बसवलं, अन्वरला जीप चालवायला लावली आणि निघाले. जानेवारीत बघू म्हटलं होतं ना – बघितलं.

ढाब्याचा मालक जेठाराम म्हणून म्हातारा आहे. मी नाव सांगितल्यावर तो उभाच राहिला. "आप शेठानी?" मग हसला. "आपके डर से तो मधूभाई इधर आते थे."

मला राग आला. "मतलब?"

"सुनो तो. आखरी बार आए, दोपहर को लौटे, हाथ खाली, और ऐसे खुश जैसे लड़का हुआ हो. मैं बोला, मिला क्या? बोले, मिल गया, असली. मैं बोला, तो दिखाओ. बोले, वहीं छोड़ आया. मैं ले गया तो बोलेगी भंगार है. अब उसको लाऊँगा, वो खुद उठाएगी."

"तो पहले अकेले क्यों आए?"

"यही तो मैंने पूछा. बोले, जेठाराम, उसको लाया और कुछ नहीं मिला तो वापस भिवंडी तक सुनाएगी. पहले पक्का करना था."

मी चहा न पिताच बाहेर आले. अन्वर मागून म्हणाला, "वहिनी, परत जाऊया का?" मी म्हटलं, गप गाडी काढ.

अन्वरला फक्त तेव्हा गाडी उभी केलेली जागा ठाऊक होती, दगड कुठे ठेवला ते ह्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. दोन दिवस मी ती चुंबकाची काठी घेऊन त्या रणात चालले. सकाळी उन्हं वर आली की जायचं, ऊन कलायच्या आत परतायचं. हे म्हणायचे तसंच होतं सगळं. माती भेगाळलेली, पायाखाली पापडासारखी मोडते. चालत गेलं की मागे फक्त आपलीच पावलं. श्वासाचा आवाज खरंच येतो. आणि मी – जिचं तोंड दिवसभर बंद नसतं – दोन दिवस कुणाशी बोलले नाही. ज्याला माझा आवाज ऐकायचा होता तो माणूसच नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी बारा-साडेबाराला मी थांबले. जीप आगपेटीएवढी दिसत होती, अन्वर टपावर छत्री धरून बसलेला दिसत होता. पाय सुजले होते. दोन पावसाळे ह्या मैदानात पाणी साठून गेलंय, कुठला दगड आता? आणि मग मी मोठ्याने बोलले. खरं तर ओरडलेच.

"अहो! ऐकताय? शेवटचा भाव सांगते. शंभर पावलं. त्यात दिलंत तर दिलंत, नाहीतर ही मी चालले, परत नाव काढणार नाही!"

आवाज कुठे आपटला नाही. गेला तो गेलाच. हेच ऐकायचं होतं ह्यांना.

मी पावलं मोजायला लागले, मोठ्याने, यार्डात नग मोजते तशी. पन्नास. साठ. काठी जमिनीलगत फिरवत. सत्तर. खोटं नाही सांगत, शेवटची पावलं मी जाणूनबुजून लहान टाकत होते. सौदा मोडावा असं वाटत नसलं की मी असंच करते. त्र्याऐंशी... आणि काठीला ओढ बसली.

वर बोटभर काळं दिसत होतं, बाकी मातीत रुतलेलं. नखांनी उकरून काढलं. नारळाच्या कवटीएवढा, पण दोन हातांनी उचलावा लागला एवढा जड. कातडी काळी, जळकी, आणि अंगभर खळगे, जसे कणकेच्या गोळ्यावर अंगठे दाबलेत. गळ्यातल्या यार्डाच्या चावीने ठोकलं. तो आवाज बिडाचा नव्हता, पोलादाचा नव्हता, मी आयुष्यात ऐकलेल्या कुठल्याच लोखंडाचा नव्हता. असली. मी खाली बसले.

मग तो उलटा केला.

मातीत दबलेल्या बाजूवर, एका खळग्यात, गेरूचं बोट होतं. तिरकी रेघ. डावीकडे ठिपका.

माझा जीव गलबलला, पण घाबरले नाही. म्हटलं, खूण करून ठेवली होती तर माणसाने. मी त्या रेघेवर बोट ठेवलं.

बोट लाल झालं.

गेरू ओला होता. लोखंडावर आमचा गेरू उन्हात पाच मिनिटांत सुकतो. हे मी दहा हजार वेळा पाहिलंय. आणि बोट नाकाशी नेलं तर रॉकेलचा वास. रेशनचं रॉकेल बंद होऊन किती काळ झाला... ह्यांच्यामागे यार्डात आम्ही स्प्रेचा रंग वापरतो. गेरूचा डबा हे गेले त्याच वर्षी वाळून गेला, मी स्वतः फेकला.

मी उठून चारी बाजूंना पाहिलं. सगळं सपाट, उंदीर पळाला तरी दिसावा इतकं. पावलं होती ती एकाच माणसाची, माझी. जिथून आले तिथून दगडापर्यंत. पुढे एकही नाही.

दगड पदरात घेऊन मी जीपपर्यंत आले. अन्वरने वाकून पाहिलं, वास घेतला आणि दोन पावलं मागे सरला. "वहिनी... मधूचंच बोट आहे हे." मी त्याचे हात उलटेपालटे करून पाहिले, त्याच्या पिशव्या झाडल्या, जीपची डिकी उपसली. तो बिचारा रडत उभा होता. संध्याकाळी जेठारामलाही फैलावर घेतलं. घरांना गेरू तिकडेही लावतात, पण पाण्यातला. आणि बोटं त्याची सगळी धड आहेत. तोवर खूण सुकून दगडासारखी झाली होती.

कॉलेजातल्या एका प्रोफेसरांना दगड दाखवला. ते म्हणाले, खरा अशनी दिसतो, पण हा सरकारी खात्यात जमा करायला हवा. देईन म्हटलं. फक्त ती खूण आपोआप जाईपर्यंत थांबा. ते म्हणाले, गेरू तो, महिनाभरात उडेल. पाऊस लागलाय आता, हवा इतकी दमट की लोखंड रडतं, आणि खूण जशीच्या तशी आहे. यार्डात माझ्या खुर्चीशेजारी ठेवलाय. कुणी हात लावत नाही.

इथे कुणाला असं काही माहीत असेल तर जरूर लिहा. पण मनाचे खेळ म्हणू नका, वास अन्वरच्या नाकालाही आला होता. मला तर अजून काही उलगडत नाही.

आणि अहो, हे तुम्हाला. तुम्ही का एकटे गेलात ते कळलं, ती फसवणूक माफ केली. तीनदा विचारलंत तेव्हा मी आले नाही, ती माझी चूक. पण बोट उमटलं की घासाघीस बंद, हा नियम मला सांगू नका. तो गिऱ्हाइकासाठी होता. गेरू ओला होता. म्हणजे मी पोहोचले तेव्हा तुम्हाला जाऊन पाच मिनिटंही झाली नव्हती. माझं ओरडणं ऐकलंत, माझी पावलं मोजलीत, त्र्याऐंशीपर्यंत मला येऊ दिलंत... आणि मग निघालात. एवढ्या लांब येता आलं, तर पाच मिनिटं थांबता का आलं नाही?

उत्तर द्या. मी गेटवरच बसलेली असते.