हळदीच्या पोत्यांखालचं धनुष्य

दोरीला मेण लावायला धनुष्य भिंतीवरून काढलं की लाकडाला अजून हळदीचा वास येतो, आणि माझं डोकं आजही तसंच फिरतं.

परभणीच्या एका म्हाताऱ्या तिरंदाजी प्रशिक्षकाकडून मी ते जुनं धनुष्य विकत आणलं होतं. वसमतहून गावच्या एसटीत कुणाचा धक्काही लागू दिला नाही. दोरी उतरवली की अशा धनुष्याची टोकं उलट्या बाजूला वळतात. सगळा जोर त्या वळणातच असतो. दुसऱ्या दिवशी दोरी चढवून ते जुळवायचं होतं, कारण जिल्ह्याच्या संघाची निवड तोंडावर आली होती. सकाळी बघते तर धनुष्य गायब.

“अण्णा, माझं धनुष्य कुठंय?”

“पोत्यांखाली हाय,” वडील शांतपणे म्हणाले. “टोकं उलटी वाकली व्हती. सरळ करून राहिलो.”

हळदीच्या भरल्या पोत्यांखाली! ओढून काढलं तर वरचं टोक पिळवटलेलं. दिवसभर दोरीचा पीळ वाढवला, कमी केला, तरी प्रत्येक बाण डावीकडे कडब्याच्या गंजीत. निवड गेलीच.

“निदान विचारायचं तरी!” मी ओरडले.

“काय इचारू? पोरगी एवढ्या हौसेनं घेऊन आली, वाकडं देऊन तिला फशिवलं म्हणून तोंडावर सांगू?”

त्या दिवशी रागात हे वाक्य मला ऐकूच आलं नव्हतं. आता वासासोबत आधी तेच आठवतं.

परवा अण्णा माझ्या घरी आले. भिंतीवरच्या धनुष्याच्या टोकावर अंगठा दाबत पुटपुटले, “अजून वाकडंच हाय गं.”