कट्ट्याने सोडली मशेरी

डॉक्टरांनी आईच्या तोंडात टॉर्च मारला, गाल बोटाने ताणला आणि विचारलं, “मशेरी लावता?” आईने माझ्याकडे पाहिलं. मीच म्हटलं, “लग्नाआधीपासून.”

“ल्युकोप्लाकिया आहे,” ते म्हणाले. म्हणजे तंबाखूने तोंडात उठलेला, खरवडूनही न निघणारा पांढरा चट्टा. त्याचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. यालाच बायोप्सी म्हणतात.

रिपोर्टसाठी निपाणीहून पुन्हा बेळगावला गेलो. ओपीडीच्या बाकावर आई तोंडाला पदर लावून बसली होती. पेशी बिघडायला लागल्या होत्या. कॅन्सर झाला नव्हता. “मशेरी आजच बंद केलीत तर चट्टा मागे हटू शकतो,” डॉक्टर म्हणाले. “नाहीतर पुढचं सांगता येत नाही.”

आमच्याकडे तंबाखू शेतात, वखारीत आणि घरोघरी तव्यावर. विकणारे प्रतिष्ठित, आणि तोंड सडलं की बाई व्यसनी! हा ढोंगीपणा मला मान्य नाही.

सकाळी गल्लीतल्या बायका कट्ट्यावर बसून मशेरी लावतात. सुनेची कागाळी, पोरीचं स्थळ, सगळं तिथेच. आईने कट्टा सोडला, दार लावून घेतलं. डोकं ठणकायचं, पोट साफ होईना. तेही तिने सोसलं. पण शेजारच्या शांताक्का मशेरी भाजायला लागल्या की वास खिडकीतून यायचा आणि आई मशेरीचा डबा शोधायची. एकदा डबा तिच्या हातात दिसला, तसा मी तडक शेजारी गेलो.

“शांताक्का, तुमच्या तव्याचा वास माझ्या आईला जगू देत न्हाय.”

दुसऱ्या सकाळी त्या आमच्या दारात उभ्या. हातात तोच तवा, घासून लख्ख, त्यावर भाजलेली बडीशेप.

“चल गं कट्ट्यावर. डाक्टरनं मशेरी सोडाय सांगितलीया, आमाला सोडाय न्हाय.”

“तुमी लावणार आन् मी बघत बसू व्हय?”

“कोन लावतंय? गल्लीत आता तंबाखू भाजायची न्हाय. ठरलंय.”

“लई दिवस टिकतंय तुमचं सरकार!” आई म्हणाली, पण चपला घातल्या.

सरकार टिकलं. कट्ट्यावरची गंगव्वा चोरून मशेरी लावताना सापडली, तेव्हा तिला सगळ्यांची अंगणं झाडायची शिक्षा झाली. झाडताना तीच सर्वांत जास्त हसत होती.

तुमच्या घरात कुणाची तंबाखू सुटत नसेल, तर त्याला निर्धाराचे धडे देऊ नका. त्याच्यासोबत रोज बसणाऱ्यांना गाठा. या बायकांनी जे केलं, ते माझ्या कुठल्याच भाषणाला जमलं नसतं.

परवाच्या तपासणीत चट्टा निम्म्यावर आलेला दिसला. डॉक्टरांनी बजावलं, तपासण्या चालूच ठेवायच्या. घरी येताच कट्ट्याने आईला घेरलं. “आ कर गं!” मोबाईलच्या उजेडात प्रत्येकीने वाकून पाहिलं.

मग शांताक्कांनी मोबाईल माझ्या हातात दिला आणि स्वतःचं तोंड उघडलं. “आता माझं बघ रं.”

मी पाहिलं. गालाच्या कडेला पांढरं होतं.

गंगव्वा म्हणाली, “बेळगावला जायला वडाप सांग रं. एसटीत मावायचो न्हाय आमी.”

जीप सांगितली आहे. शांताक्कांच्या शेजारी आई बसणार, हेही कट्ट्यावरच ठरलंय.